पहिलं दळण

लाईट गेली. मोटर थांबली, पट्टा दोन-चार फेरे मारून ढिला पडला आणि गिरणीत एवढी शांतता पसरली की बाकावर बसलेली वंदनाताई मघापासून माझ्याशी बोलतेय, हे मला तेव्हा कळलं.

"काय म्हणालीस?"

"समूचा रिपोर्ट आलाय म्हटलं." तिनं पिशवीतून मिरजेच्या दवाखान्याची फाईल काढून माझ्यापुढं धरली. "तू बीएस्सी झालीयस. बघ की जरा. आकडा कमी यायला पाहिजे होता का जास्त?"

"कमी."

"मग जास्तच आलाय."

मी बघितलं. दिवाळीच्या आधी होता त्याहून वर गेला होता.

मी तेव्हा नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते आणि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत अर्ज टाकून वाट बघत होते. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा गल्ल्यावर बस, म्हणून बापूमामानं मला सांगलीतल्या त्याच्या गिरणीत आणून बसवलं होतं. गिरणी मामाची असली तरी चालवायची अनसाक्का. तिचा नवरा, ज्याला ती मालक म्हणायची, इथला जुना कारागीर; ते गेल्यावर मामानं तिलाच ठेवून घेतलं. पगार बेताचा. शिवाय खाली सांडलेलं पीठ तिचं. ते ती रोज झाडून, चाळून एका बाइंडिंगवाल्याला खळीसाठी विकायची. आमच्याकडं चक्क्या दोन. उजवीकडची गव्हाची आणि डावीकडची शाळूची. शाळू म्हणजे आमच्या भागातली भाकरीची पांढरी ज्वारी. एकीचं धान्य दुसरीत घालायचं नाही, हा गिरणीचा नियम माझ्या जन्माआधीचा होता.

वंदनाताईच्या लेकीला, समूला, गहू चालत नव्हता. तिसरीतली पोर, पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, वर्गात सगळ्यांत बुटकी. गव्हातल्या ग्लुटेननं तिचं आतडं आतून सुजतं, हे कळायलाच दोन वर्षं गेली होती. चपाती, रवा, शेवया, बिस्किटं सगळं बंद करून डॉक्टरांनी तिला भात-भाकरीवर ठेवलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, घरात कुणीतरी पोरीला गहू देतंय. आत्यांच्या समोरच म्हणाले." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सुभद्राबाई. "घरी आल्यावर म्हणाल्या, कुणी देत नाही, गहू तुझ्या अंगावरनं येतोय."

वंदनाताई पहाटे विश्रामबागच्या एका मेसमध्ये चपात्या लाटायला जायची. कॉलेजच्या पोरांची मेस. घरी आली की बाहेरच्या मोरीत साडी बदलून, अंघोळ करूनच ती समूला हात लावायची.

"आत्या म्हणतात, एक तारखेपासनं मेस सोड."

"आणि दादा?" दादा म्हणजे तिचा नवरा.

"ते कधी बोललेत? टेम्पोला भाडं असेल त्या दिवशी त्यांची भाजी येते. बाकी घरभाडं, समूच्या गोळ्या, सगळं मेसवर चालतंय. हे आत्यांना काय ठाऊक नाही होय? पण पोर अशी दिसत असल्यावर मी कुणाच्या तोंडाला लागू?" ती फाईलची दोरी बांधत होती, ती बांधून झाली तरी हात थांबेनात. "आणि खरंच माझ्या अंगावरनं येत असेल तर?"

अनसाक्का इतका वेळ गव्हाच्या चक्कीवर टेकून ऐकत होती. पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी झालेली. ती म्हणाली, "अंगावरनं याला ती काय गजकर्न हाय? केतके, तू शिकल्यालीस न्हवं? सांग की हिला कायतरी. नुसती मान काय हलवतीस."

मग मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला तेवढंच येत होतं. हिंग? हिंगात मैदा असतो. वंदनाताई म्हणाली, हिंग डॉक्टरांनीच बंद केलाय. मसाला? घरी कुटलेला. शाळेतला खाऊ? समू स्वतःच घेत नाही, वाढदिवसाचं चॉकलेटसुद्धा आणून आजीच्या हातात देते. तवा? वेगळा. पोळपाट? भाकरीला पोळपाट लागतो होय, म्हणून अक्कानं मला वेड्यात काढलं.

"मग राहतं फक्त पीठ," मी म्हणाले.

अक्का चक्कीपासून सरळ झाली. "आमच्यातलं?"

"मी नुसतं म्हणतेय."

"नुसतं म्हनू नगंस. डाव्या चक्कीत गव्हाचं दळन हितं कधी पडल्यालं न्हाई. मालकांच्या वेळंपास्नं न्हाई. आन् समूचं तर मी सगळ्यांच्या आधी काढते."

ते खरं होतं. वंदनाताई सोमवारी संध्याकाळी शाळूची पिशवी ठेवून जायची. मंगळवारी गिरणी उघडली की अक्का सगळ्यांत आधी ती दळायची. गव्हाची चक्की सुरू होऊन पीठ हवेत उडायच्या आत. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या मनानंच ते ठरवलं होतं. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं होतं.

"तरी मंगळवारी मी येते," मी म्हणाले. "थोडं पीठ डब्यात घेऊन कॉलेजच्या सरांकडून तपासून आणते. म्हणजे पिठाचा संशय तरी जाईल."

"म्हंजी माझ्यावर पहारा."

"पिठावर, अक्का."

"तेच की." ती वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "येताना च्या घिऊन ये."

लाईट आली. पट्टा फिरू लागला आणि पुन्हा कुणाचं कुणाला ऐकू येईनासं झालं.

मंगळवारी थर्मास आणि घासून वाळवलेला स्टीलचा डबा घेऊन मी पोचले, तेव्हा अक्कानं शटर अर्धंच उचललं होतं. आत उदबत्तीचा वास. मी वाकून आत गेले.

"बस तितं. कपडं झटकलीस का? कालचं गव्हाचं पीठ आसंल आंगावर," ती म्हणाली. मला टोमणा होता, पण तिनं स्वतः खरंच धुतलेलं लुगडं नेसलं होतं, डोक्याला स्वच्छ फडकं बांधलं होतं. डाव्या चक्कीचं पिठाचं पेटाडं पुसून कोरडं केलेलं होतं. कोपऱ्यात समूची पिशवी, तिच्यावर ताट झाकलेलं. मला माझ्या संशयाची जरा लाज वाटली.

तिनं मोटरला, तागडीला, दोन्ही चक्क्यांना हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं. डावी चक्की फिरू लागली. अक्का कोनाड्याकडं वळली, देवीच्या तसबिरीपुढच्या पितळी वाटीतून तिनं मूठ भरून घेतली आणि चक्कीच्या वरच्या तोंडात सोडली. परत वाटीकडं गेली. दुसरी मूठ घेतली, ती कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि तीही सोडली. मग समूची पिशवी उचलली.

"अक्का, काय टाकलंस ते?"

"आं?"

"वाटीतलं. काय होतं?"

"मूठ गं. सकाळची."

मी कोनाड्याशी गेले. वाटीत गहू होते.

मी बटण बंद केलं.

"आगं, बंद काय करतीस?" ती पिशवी धरून तशीच उभी राहिली. "मूठ खाल्ल्यावर दगड थांबवू न्हाई."

"ही मूठ तू रोज टाकतेस?"

"रोज म्हंजी, दोनी चक्क्यांत. दगड उपाशी फिरवू न्हाई. उपाशी फिरला की दिसभरात मान्साचं खातो." मी बघतच राहिले, तेव्हा तिला वाटलं मला पटत नाहीये. "खोटं सांगत न्हाई. मालकांनी एकदा घाईत तसाच पट्टा चढिवला. दोन बोटं गेली. तू बघितलीस की त्यांची बोटं, तुला लिमलेटच्या गोळ्या द्याचे तवा. त्या दिसापास्नं मूठ चुकली न्हाई. पयल्या गिऱ्हाइकाच्या पिठात जाती ती, शकुनाची. आदी बायका भांडायच्या पयल्या नंबरासाठी."

"आणि दुसरी मूठ?"

ती हसली. "दुसरी समूची. मंगळवारचीच. देवीला म्हनते, लक्षुमी हाय ही, पोरीच्या अंगाला लागू दे."

माझ्या डोक्यात नुसतं गणित चाललं होतं, आणि ते करायची गरजही नव्हती. कणभर चालत नाही तिला दर आठवड्याला दोन मुठी. उशिरा दळलं असतं तर निदान पहिली मूठ दुसऱ्या कुणाच्या पिठात गेली असती आणि त्याला काही झालं नसतं.

मला बोलावं लागलंच नाही. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. तिथून तिनं वाटीकडं बघितलं.

"ह्ये गहूच की," ती म्हणाली.

तिनं पिशवी खाली ठेवली. पेटाडं ओढून त्यात हात घातला. दोन मुठींचं जे काय पीठ पडलं होतं ते बोटांत घेऊन बघितलं. मग दगडाच्या फटीत बोट घालून तिथलंही काढलं, बघितलं.

"आता ह्ये कुठलं आन् ते कुठलं," ती म्हणाली. "कसं निवडायचं?"

मी तिला चहा ओतून दिला. तिनं घेतला नाही.

मामा आला तेव्हा गिरणी बंदच होती आणि बाहेर बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. मी त्याला आत घेऊन सगळं सांगितलं. मामा वाईट माणूस नाही. त्यानं आधी "पोरीला काय होणार नाही ना?" हेच विचारलं. गहू थांबला की आतडं भरून येतं, असं मी सांगितल्यावर मात्र तो हळू आवाजात बोलू लागला.

"मग हे आता गावभर नको. रविवारी दगड उघडून घेऊ, घासून काढू, शाळूचं एखादं घाण दळण काढून म्हशीला टाकू. वंदनाला सांगू, दगडात जुनं पीठ अडकलं होतं. खोटं पण नाही ते."

"मामा."

"तुला काय होतंय? नोकरी लागली की तू जाशील. घराघरात घरघंट्या आल्यात, पाकिटातलं पीठ आलंय, जे काय गिऱ्हाईक राहिलंय ते शाळूचं, आणि ते येतंय ह्या बाईच्या हातावर. गव्हाच्या मुठी टाकत होती म्हणून एकदा बोभाटा झाला की त्या बायका आधी पळतील. मी मग हिला पगार कुठनं देऊ?"

अक्का जमिनीवर बसून होती. ऐकत होती की नाही, सांगता येत नव्हतं.

वंदनाताई मेसवरून सरळ दळण न्यायला आली. पिशवी तशीच भरलेली बघून म्हणाली, "लाईट नव्हती काय?"

मामानं घसा साफ केला. "त्याचं काय झालं वंदना, दगडात जरा..."

"वंदे, मी टाकत हुते," अक्का म्हणाली. बसल्या जागेवरूनच. "गहू. तुज्या दळनात. शकुनाची मूठ म्हनून. एक रोजची आन् एक समूच्या नावाची."

वंदनाताईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती बाकावर बसली.

"सगळ्या मंगळवारी?"

"सगळ्या."

"मी पहिला नंबर मागितला नव्हता, अक्का."

"न्हाई मागितलास. मीच दिला."

यापुढं ती ओरडेल, असं आम्हा तिघांनाही वाटलं असणार. मामानं तर शटर आणखी थोडं खाली ओढलं. पण वंदनाताई आपल्या पदराचा वास घेत होती. पदराला मेसचं पीठ लागलेलं होतं. ती ते बोटानं पुसत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला आधी वाटलं ते समूसाठी आहे. मग ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे माझ्या अंगावरनं नव्हतं."

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं. "आत्यांना काय सांगू? बापूमामा, तुम्ही म्हणता तसं सांगते. दगडाचं. अक्काचं नाव कशाला."

"शहाणी आहेस," मामा म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटलं होतं.

"दगडानं काय केलं?" अक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. "तू जाऊन दगडाचं सांगनार. सुभद्रा म्हननार, मेस सोडायला नगं म्हनून गिरनीचं निमित्त काढलं हिनं. मी वळखते तिला. माझ्या तोंडनं ऐकंल तवाच खरं मानंल."

"अक्का, गिऱ्हाईक..." मामा म्हणाला.

"गिऱ्हाईक काय मागनं बघू, बापू." तिनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, खुंटीला अडकवलं. "ह्येला काय हुयाचं आसंल ते हुदे. चल गं वंदे. केतके, तू बी चल. मला ते आतड्याचं सांगता याचं न्हाई."

वंदनाताईचं घर मागच्याच गल्लीत होतं. सुभद्राबाई दारात सूप घेऊन शाळू पाखडत होत्या. समू शाळेत गेली नव्हती. उंबऱ्यावर बसून आजीनं बाजूला काढलेले खडे गजग्यासारखे खेळत होती. आम्हाला बघून म्हणाली, "अनसाआज्जी, तुझे केस काळे हायेत व्हय?" फडक्याशिवाय तिनं अक्काला कधी बघितलं नव्हतं.

अक्का हसली नाही. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. जे गिरणीत सांगितलं तेच तिनं पुन्हा सांगितलं. मूठ, पहिली, दुसरी. मी आतड्याचं सांगितलं. सुभद्राबाईंचं सूप थांबलं होतं.

"गव्हाचीच मूठ?" त्यांनी विचारलं.

"गव्हाचीच."

"दुसरं काही चाललं नसतं?"

"लक्षुमी गव्हाची. आपल्यात शाळू रोजचीच."

सुभद्राबाईंनी सुपातली शाळू हातानं सारखी केली. "मला सांगायला कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. "मी गल्लीत सांगितलं तर तुझी गिरणी बसंल."

"तुमी हिला मेस सोड म्हनाला म्हनून आले."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. समूनं खडे मोजून मुठीत घेतले आणि आजीच्या सुपात परत टाकायला गेली, तेव्हा सुभद्राबाईंनी तिची मूठ वरच्या वर धरली. घट्ट. पोर दचकली.

"माझी आई पन टाकायची," त्या म्हणाल्या. "जात्यात. मी लहानपनी भांडून टाकायची, मला टाकू दे म्हनून." त्यांनी समूची मूठ उघडून खडे काढून घेतले. मग अक्काकडं न बघता वंदनाताईला म्हणाल्या, "ती साडी बदल की आधी. आणि झोप जरा. उद्या पहाटं उठायचं न्हाई होय तुला?"

वंदनाताई आत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. सुभद्राबाई पुन्हा पाखडू लागल्या. अक्का अजून दारातच होती.

"उभी काय राहिलीस," सुभद्राबाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारचं येऊन घेऊन जा. निवडून ठेवते."

गल्लीत त्या बोलल्या की नाही, मला आजही माहीत नाही. काही बायका आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. त्या घरघंटीमुळंही झाल्या असतील. रविवारी मामानं माणूस बोलावून दगड उघडले, ब्रशनं घासले, म्हणाला होता तसं एक दळण काढून म्हशीला घातलं. गव्हाची चक्की आणि शाळूची चक्की यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत मारली. ती मी सुचवलेली. तिचा खर्च अक्काच्या पगारातून कापायचा विषय त्यानं काढला, आणि माझ्या आईनं फोनवर त्याला जे ऐकवलं त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही. उन्हाळ्यात समूचा पुढचा रिपोर्ट आला, तो वंदनाताईनं मला दाखवायला आणलाच नाही. "कमीच आलाय, मला वाचता येतंय आता," असं ती मेसला जाता जाता रस्त्यातूनच म्हणाली.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो त्याआधीचा, आडभिंत मारल्यानंतरचा पहिला मंगळवार.

मी थर्मास घेऊन गेले. अक्कानं हळदकुंकू लावलं, बटण दाबलं, डावी चक्की फिरू लागली. कोनाड्यातली वाटी तिनं घासून पालथी घातली होती. ती चक्कीपुढं जाऊन थांबली. दगड रिकामेच घरघरत होते, आणि तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. कोरडा, दात खाल्ल्यासारखा. अक्काचा चेहरा पिठाशिवायच पांढरा झाला होता.

"शाळूचीच टाक की मूठ," मी म्हणाले. "तिच्याच पिशवीतली."

"तिच्याच घरचं तिलाच वाढून पुण्य मी घिऊ व्हय?"

मग तिनं उजवा हात वर नेला, रिकामा. चक्कीच्या तोंडावर मूठ मिटली आणि उघडली. दुसऱ्यांदा मिटली, कपाळाला लावली, पुटपुटली, उघडली.

समूची शाळू तिनं ओतली. भाकरीच्या पिठाचा गोड वास सुटला.

"केतके," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज दिसभर पट्ट्याजवळ याचं न्हाई. तितं बाकावर बस. हात मांडीवर ठिव."

मी बसले. स्वतः मात्र ती दिवसभर पट्ट्यापाशी उभी होती.